घरच्या ईव्ही चार्जरचा अर्ज कुठे अडतो: पार्किंगचं पत्र, मंजूर भार आणि मुदतीचा घोळ

गाडी बुक होते, डीलर चार्जर फुकट देतो म्हणतो, सर्व्हेला माणूस येतो आणि सोसायटीची एनओसी नाही म्हणून परत जातो. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या कमिटीत काम करताना हे मी इतक्यांदा पाहिलंय, की आता कुणी गाडीची चौकशी करायला लागलं की मी आधी पार्किंगचा कागद काढून ठेवायला सांगते.

चार्जर कोणता घ्यायचा, याचं उत्तर तसं सोपं आहे. गाडीतला ऑनबोर्ड चार्जर जेवढी वीज घेतो, त्यापेक्षा मोठा चार्जर भिंतीवर लावून काहीच फरक पडत नाही. ३० युनिटची बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर ३.३ किलोवॅटवर नऊ-दहा तास आणि ७.२ किलोवॅटवर पाचेक तास लागतात. ठाण्याहून बीकेसीला जाऊन-येऊन ६० किलोमीटर धरले तर खर्च होतात आठ-नऊ युनिट, म्हणजे साध्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर तीन तास. बहुतेकांना एवढं पुरतं. ११ किलोवॅटच्या चार्जरला थ्री फेज मीटर लागतो. गाडी तेवढी वीज घेत नसेल तर त्या फंदात पडू नका.

आता पार्किंगचं पत्र. एनओसीच्या अर्जासोबत हा कागद मागितला की निम्म्या लोकांकडे तो नसतो. असते ती बिल्डरने लेटरहेडवर दिलेली चिठ्ठी, नाहीतर पैसे भरल्याची पावती. स्टिल्टमधली (इमारतीखाली खांबांमधली) आणि मोकळी पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात दिला. त्यामुळे जुन्या इमारतीत जागा वाटण्याचा अधिकार सोसायटीचा आहे आणि पत्रही सोसायटीचंच लागतं. कमिटीच्या बैठकीत ठराव करून घ्या आणि पत्रावर फ्लॅट नंबर, पार्किंग नंबर, कुठला मजला हे सगळं लिहून घ्या. रेरा कायद्याखाली नोंदवलेल्या नव्या प्रकल्पांत हा त्रास कमी आहे, कारण पार्किंगचा नंबर आणि मापं करारासोबत जोडणं महारेरा या राज्याच्या नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०२४ मध्ये सक्तीचं केलं.

जिथे जागा कमी आणि गाड्या जास्त, तिथे सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमावलीप्रमाणे) दरवर्षी सोडत निघते. अशा ठिकाणी स्वतःच्या नावावर भिंतीत चार्जर बसवलात तर पुढच्या वर्षी तो दुसऱ्याच्या जागेवर असेल. तिथे सब-मीटर (प्रत्येकाचा वापर वेगळा मोजणारा छोटा मीटर) लावलेला सामाईक पॉइंट मागणंच शहाणपणाचं.

नवी मुंबईत आणखी एक गोष्ट. सिडकोच्या जुन्या वसाहतींत अनेक ठिकाणी सोसायटीऐवजी अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन असते, तिथे पत्र असोसिएशनचं घ्या. आणि गाडी घरासमोरच्या रस्त्यावर उभी राहत असेल तर कितीही कागद जमवले तरी चार्जर मिळणार नाही. ती जागा तुमची नाही. फुटपाथवरून वायर टाकून गाडी चार्ज करण्याचा विचारही करू नका, लहान मुलं तिथून चालतात.

सहकार खात्याने २०२४ मध्ये काढलेल्या कार्यपद्धतीप्रमाणे सोसायटीने सात दिवसांत एनओसी द्यायची आहे. लोक हे सात दिवस व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकल्यापासून मोजतात आणि भांडायला येतात. अर्ज लेखी द्या, सोबत पार्किंगचं पत्र, चार्जरची माहिती आणि केबलचा मार्ग जोडा, आणि कार्यालयाचा शिक्का असलेली पोच जपून ठेवा. मात्र कागद पूर्ण असताना ‘पुढच्या सर्वसाधारण सभेत बघू’ म्हणणाऱ्या कमिट्याही मी पाहिल्यात आणि त्याचा मला राग येतो.

तिसरी अडचण मंजूर भाराची, म्हणजे तुमच्या मीटरवर एका वेळी जास्तीत जास्त किती वीज वापरायला परवानगी आहे त्याची. वीजबिलावर तो छापलेला असतो, पण कुणी पाहत नाही. दोन-तीन किलोवॅट मंजूर असलेल्या मीटरवर ७.२ चा चार्जर लावून एसी सुरू केला की काय होईल ते वेगळं सांगायला नको. मंजुरीपेक्षा जास्त भार तपासणीत सापडला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली आकारणीही होऊ शकते. म्हणून आधी वाढीव भाराचा अर्ज करा. फ्लॅट रिसेलचा असेल तर बिल अजून जुन्या मालकाच्या नावावर नाही ना, ते पाहा. आमच्या इथल्या एका निवृत्त काकांना याच कारणासाठी तीन फेऱ्या घालाव्या लागल्या, आणि पहिल्या फेरीत हे त्यांना कुणी सांगितलंही नाही. इंडेक्स टू (फ्लॅटखरेदीच्या नोंदणीचा उतारा) जोडून आधी नाव बदलून घ्या.

घरच्याच मीटरवरून चार्ज करायचं की वेगळा मीटर घ्यायचा? दोन्ही चालतं. स्वतःच्या जागेत स्वतःची गाडी चार्ज केली तर त्या जागेचाच, म्हणजे घरगुती दर लागतो. पण स्लॅब लक्षात ठेवा. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे साधारण दीडशे युनिट. घराचा वापर अडीचशेचा असेल तर एकूण चारशे होतात आणि तीनशेच्या वरच्या युनिटना पुढचा, महाग दर लागतो. ईव्हीच्या वेगळ्या मीटरला हे घरगुती स्लॅब नाहीत, पण स्थिर आकार वेगळा भरावा लागतो. एका गाडीला घरचा मीटर बरा पडतो. घरात दोन गाड्या असतील तर हिशेब मांडून बघा.

वेगळ्या मीटरचा अर्ज महावितरणकडे ऑनलाइन होतो. ओळखपत्र, मालकीचा पुरावा, एनओसी आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. नेहमीचा वायरमन कितीही चांगला असला तरी त्याचा रिपोर्ट चालत नाही. कळवा, मुंब्रा, शीळ भागात वितरण टोरंट पॉवरकडे आहे, तिथल्यांनी त्यांच्याकडे अर्ज करावा.

२०२४ च्या सुधारित केंद्रीय नियमांनुसार महानगरात तीन दिवस आणि इतर नगरपालिका क्षेत्रांत सात दिवस ही जोडणीची मुदत आहे, पण ती अर्ज सर्व बाबतींत पूर्ण झाल्यापासून. एक कागद राहिला की मोजणी सुरूच होत नाही. वीज कंपनीकडून जोडणीच्या खर्चाचं कोटेशन आलं की त्यावरची तारीख बघून पैसे लगेच भरा.

फुकटच्या चार्जरसोबत केबल ठराविक मीटरपर्यंतच मिळते. मीटर रूम तळमजल्यावर आणि पार्किंग तिसऱ्या पोडियमवर असेल तर पुढच्या केबलचे पैसे तुमचे, म्हणून अंतर आधी टेपने मोजा. जुन्या इमारतीत अर्थिंगही तपासून घ्या. ते नीट नसेल तर बरेच चार्जर सुरूच होत नाहीत, आणि दोष मात्र चार्जरला दिला जातो. बेसमेंटमध्ये पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं ते वॉचमनला विचारा आणि चार्जर त्याच्या बराच वर बसवायला सांगा.