दुखऱ्या दाताची गोष्ट

ठाण्यात घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीची मागची भिंत संपते तिथे येऊरचा डोंगर सुरू होतो. अशा घरात रात्री ‘द ग्रे’ हा सिनेमा बघायला बसलो. अलास्काच्या बर्फात विमान कोसळतं, वाचलेले तेलकामगार चालू लागतात आणि लांडग्यांचा कळप एकेकाला टिपतो. मध्येच खाली वॉचमनने काठी आपटली आणि आम्ही तिघेही दचकलो.

हा सिनेमा २०१२च्या जानेवारीत थिएटरांत लागला. लांडगा असा सूड धरून माणसांच्या मागे लागत नाही, म्हणून प्राणीप्रेमी भडकले. ते रास्तच होतं. पण या धाटणीच्या सिनेमांचं मूळ शोधायचं तर बर्फातून निघून आफ्रिकेत, रेल्वेच्या रुळांपाशी जावं लागतं.

साल १८९८. केनियात त्सावो नदीवर पुलाचं काम चाललं होतं. मजूर बहुतेक हिंदुस्थानातून नेलेले. आयाळ नसलेले दोन सिंह रात्री तंबूत शिरून माणसं ओढून नेऊ लागले. घाबरलेले मजूर मिळेल त्या गाडीने पळाले, काम काही काळ बंद पडलं. डिसेंबरात इंजिनिअर पॅटरसनने दोघांनाही मारलं. १९०७ मध्ये त्याने पुस्तक लिहिलं. कातडी बरीच वर्षं घरात अंथरून वापरली आणि मग शिकागोच्या फील्ड म्युझियमला ५,००० डॉलरला विकली. बळींचा त्याचा आकडा पुढे १३५वर गेला. २००९ मध्ये संशोधकांनी सिंहांच्या केसांवरून आणि हाडांवरून अंदाज काढला, तो ३५च्या आसपास. या प्रकरणावर १९५२ मध्ये थ्रीडी सिनेमा आला, १९९६ मध्ये आणखी एक. नायक दोन्हीकडे गोराच. दुसऱ्यात ओम पुरी दिसतो, तेवढाच दिलासा.

म्युझियममधल्या कवट्या तपासल्या तेव्हा एका सिंहाचा सुळा मोडलेला आणि मुळाशी पू झालेला आढळला. असा जबडा घेऊन रानरेडा लोळवणं अवघड. माणूस त्या मानाने मऊ. कुमाऊँत चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ बळी लागले होते. जिम कॉर्बेटने तिला १९०७ मध्ये मारलं, तेव्हा तिचेही उजवीकडचे सुळे मोडलेले निघाले, कुणाच्या तरी जुन्या गोळीने. पडद्यावरच्या जनावराला मात्र दातदुखी कधीच नसते. त्याला फक्त राग असतो.

आमच्या डोंगराची कथा दाताची नाही, पिंजऱ्याची आहे. जून २००४ या एका महिन्यात, येऊर ज्याचा भाग आहे त्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास बिबट्यांनी दहाएक माणसं मारली. ‘वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो’ ही म्हण तेव्हा कुणी गमतीने वापरत नव्हतं. संध्याकाळनंतर पोरांना खाली सोडायचं नाही, हा घराघरात नियम झाला. त्याआधीच्या वर्षांत जुन्नरकडे उसातले बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले जात होते, काही इथल्या उद्यानातही आले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी या स्थलांतराचा अभ्यास केला तेव्हा दिसलं, की बिबटे जिथे सोडले त्या भागांत हल्ले वाढले होते. हद्द तुटलेलं, पिंजऱ्यात बिथरलेलं जनावर अनोळखी वस्तीत घरची वाट शोधत फिरतं. पुढे पकडापकडी कमी झाली. कचरा आणि त्यावर जगणारी भटकी कुत्री यांकडे लक्ष गेलं.

पाड्यावरचे लोक बिबट्यालाही वाघच म्हणतात. वारली शेंदूर फासलेल्या वाघोबाच्या दगडासमोर वाघबारशीला नारळ फोडतात. यात भीती आहेच, पण सिनेमातली नाही. शेजाऱ्याशी बिनसू नये म्हणून असते तसली.

फेब्रुवारी २०१९ मध्ये एक बिबट्या पहाटे ठाण्यातल्या एका मॉलच्या आवारात दिसला. शोधता शोधता तो जवळच्या हॉटेलच्या तळघरात सापडला. वनखात्याने बेशुद्ध करून त्याला बाहेर काढलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ती क्लिप कुणीतरी अधूनमधून टाकतं, प्रत्येक वेळी ‘कालची’ म्हणून.