किबासेन : यूए क्रीडा महोत्सवातील स्वारांची लढत

किबासेन हा जपानी शाळांच्या क्रीडादिनी खेळला जाणारा सांघिक खेळ आहे. तीन गडी एकमेकांना धरून ‘घोडा’ तयार करतात, चौथा त्यावर स्वार होतो आणि प्रतिस्पर्धी स्वाराची टोपी किंवा कपाळाला बांधलेली पट्टी हिसकावून घेण्याचा प्रयत्न करतो. कोहेई होरिकोशी यांच्या ‘माय हीरो अकादेमिया’ या मांगामालिकेत (मांगा म्हणजे जपानी चित्रकथा) यूए या महानायक घडवणाऱ्या शाळेच्या क्रीडा महोत्सवातील दुसरी फेरी म्हणून हाच खेळ येतो. ही मालिका ‘वीकली शोनेन जंप’ या साप्ताहिकात जुलै २०१४ ते ऑगस्ट २०२४ या काळात प्रसिद्ध झाली. प्रस्तुत नोंद मुख्यतः कथेतील या लढतीविषयी आहे. मूळ खेळाचे एक-दोन नियम बदलून आणि त्याला एक विलक्षण गुणपद्धती जोडून लेखकाने त्यातून पात्रांची पारख कशी केली, हा तिचा मध्यवर्ती विषय होय.

शालेय क्रीडादिनाला जपानमध्ये उन्दोकाई म्हणतात. १८७४ मध्ये टोकियोतील त्सुकिजी येथील नौदल विद्यालयात ब्रिटिश प्रशिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या मैदानी स्पर्धांपासून या प्रथेचा आरंभ मानला जातो. १८८५ मध्ये देशाचे पहिले शिक्षणमंत्री झालेले अरिनोरी मोरी यांनी शाळांत लष्करी धर्तीची कवायत आणली, आणि एकट्याच्या पराक्रमापेक्षा गटाच्या एकजुटीला महत्त्व देणारे खेळ त्या वातावरणात रुजले. आजही विद्यार्थ्यांचे लाल आणि पांढरा असे दोन पक्ष पाडले जातात. बाराव्या शतकात ताइरा आणि मिनामोतो या घराण्यांमध्ये झालेल्या युद्धातील निशाणांशी या रंगांचा संबंध जोडला जातो. किबासेनमध्ये पुढचा गडी घोड्याचे डोके होतो. मागचे दोघे एकेक हात त्याच्या खांद्यावर ठेवून बैठक करतात आणि दुसरे हात त्याच्या मागे वळवलेल्या हातांत गुंफून स्वाराच्या पायांसाठी रिकीब तयार करतात. पट्टी गेली, स्वार पडला किंवा घोडा मोडला की तो संघ साधारणपणे बाद होतो. स्वार उंचावरून पडून इजा होण्याच्या घटनांमुळे अनेक शाळांनी हा खेळ आवरता घेतला किंवा बंद केला आहे.

होरिकोशी यांच्या काल्पनिक जगात बहुसंख्य माणसांना ‘क्वर्क’ नावाची जन्मजात अलौकिक शक्ती लाभलेली असते. शक्तींमधील या विषमतेमुळे ऑलिंपिकचे तेज ओसरले आहे, आणि त्याची जागा जपानपुरती यूएच्या क्रीडा महोत्सवाने घेतली आहे. व्यावसायिक महानायक तो होतकरू सहकारी हेरण्यासाठी पाहतात, त्यामुळे तीन वर्षांत तीनदाच मिळणारी ही संधी विद्यार्थ्यांच्या पुढील आयुष्याला वळण देऊ शकते. कथेत प्रथम वर्षाची स्पर्धा दाखवली आहे. या वर्षात अकरा तुकड्या असून ‘अ’ आणि ‘ब’ या नायक-अभ्यासक्रमाच्या, तर उर्वरित तुकड्या सामान्य, साहाय्य-तंत्र आणि व्यवस्थापन या शाखांच्या आहेत. पहिल्या फेरीतील अडथळ्यांच्या शर्यतीतून बेचाळीस जण पुढे जातात. त्यांत दोन्ही नायक-तुकड्यांचे प्रत्येकी वीस विद्यार्थी आहेत. बाहेरून आलेले दोघेच, सामान्य शाखेचा हितोशी शिनसो आणि साहाय्य शाखेची मेई हात्सुमे. लढतीत या दोघांच्याही वाट्याला निर्णायक भूमिका येते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

शर्यतीतील क्रमांकावरून प्रत्येकाला गुण मिळतात. बेचाळिसाव्याला ५, एक्केचाळिसाव्याला १० अशा चढत्या क्रमाने दुसऱ्या क्रमांकाला २०५ गुण होतात. पहिल्याला मात्र २१० नव्हे, तर थेट १ कोटी. तो पहिला क्रमांक कथानायक इझुकू मिदोरियाचा असतो, आणि जिंकल्याचा आनंद पुरता व्हायच्या आत तो सर्वांचे सावज बनतो. मुख्य पंच मिडनाइट हे घोषित करतात त्या क्षणी उरलेल्या एक्केचाळीस जणांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. मालिकेतील हे एक अत्यंत नेमके दृश्य आहे, कारण देशातील अग्रगण्य महानायकाचा वारसा गुप्तपणे स्वीकारलेल्या या मुलाला अग्रस्थानी उभे राहण्याचे ओझे काय असते, हे तिथे प्रथमच अंगावर येऊन कळते.

नियम असे आहेत. दोन ते चार जणांचा संघ करायचा; सदस्यांच्या गुणांची बेरीज संघाच्या पट्टीवर लिहिली जाते आणि ती पट्टी स्वार बांधतो. हिसकावलेल्या पट्ट्याही मानेच्या वरच बांधाव्या लागतात, म्हणजे जितके अधिक मिळवावे तितके सांभाळणे अवघड. क्वर्क वापरण्यास मुभा आहे, परंतु घोडा पाडण्याच्याच हेतूने हल्ला करणाऱ्याला लाल कार्ड दाखवून बाहेर काढले जाते. संघ निवडण्यासाठी पंधरा मिनिटे आणि लढतीसाठीही पंधरा मिनिटे असतात. वेळ संपताना सर्वाधिक गुण असलेले चार संघ पुढच्या फेरीत जातात. मूळ खेळापासूनचा सर्वांत मोठा फरक असा की पट्टी गेली किंवा घोडा मोडला तरी कोणीही बाद होत नाही. कबड्डीत बाद झालेल्या गड्याला जिवंत होण्यासाठी संघाने गुण मिळवण्याची वाट पाहावी लागते. इथे सर्व गडी अखेरपर्यंत जिवंतच असतात. त्यामुळे हरलेल्याला गमावण्यासारखे काही उरत नाही आणि जिंकणाऱ्याला शेवटच्या सेकंदापर्यंत निश्चिंत होता येत नाही.

वाचकाने खरोखर रेंगाळावे अशी जागा लढतीच्या आधीची पंधरा मिनिटे आहेत. कोणाला बरोबर घ्यायचे यावरून प्रत्येकाचा स्वभाव उघडा पडतो. स्फोटांची शक्ती असलेल्या कात्सुकी बाकुगोभोवती मुले गर्दी करतात, पण त्याला बहुतेक सहाध्यायांची नावे आणि क्वर्क ठाऊक नसतात. अंग कठीण करू शकणारा एजिरो किरिशिमा त्याला पटवून देतो की त्याच्या स्फोटांचा मारा सोसणारा पुढचा घोडा आपणच होऊ शकतो. उजव्या अंगाने बर्फ आणि डाव्या अंगाने आग निर्माण करू शकणारा शोतो तोदोरोकी संघ जमवत नाही, जुळवतो. वेगासाठी तेन्या ईदा, विजेसाठी देन्की कामिनारी आणि त्या विजेपासून स्वतःचा बचाव करणाऱ्या विद्युतरोधक वस्तू निर्माण करण्यासाठी मोमो याओयोरोझू अशी त्याची मांडणी आहे. वडिलांवरील रागापोटी डाव्या बाजूची अग्निशक्ती न वापरण्याचा त्याचा निश्चय मात्र त्या मांडणीत रिकामी जागा ठेवून जातो.

मिदोरियाकडे कोणीच येत नाही. त्याच्या पट्टीचे मोल इतके आहे की ती पंधरा मिनिटे राखण्यापेक्षा अखेरीस हिसकावणे सोपे, असा सर्वांचा हिशेब आहे आणि तो चुकीचाही नाही. ओचाको उराराका येते ती विश्वासामुळे. तिची मैत्री इथे भावनेपुरती राहत नाही, कारण वजन नाहीसे करण्याची तिची शक्ती घोड्याला हलका करते. ज्याच्यावर मिदोरियाचा सर्वांत जास्त भरवसा असतो तो ईदा मात्र नकार देतो. तुझ्यामागे राहण्याऐवजी मला तुझ्याशी स्पर्धा करायची आहे, असे तो सांगतो. मैत्री आणि ईर्ष्या यांत विरोध नसतो, हे इतक्या सरळपणे मांडणारे प्रसंग किशोरांसाठीच्या साहित्यात विरळच आढळतात. हात्सुमे स्वतःहून येते, कारण अग्रस्थानी असलेल्या संघाकडे सर्वांचे लक्ष असणार आणि तिने बनवलेली उपकरणे उद्योगांच्या नजरेत भरणार. साहाय्य शाखेच्या विद्यार्थ्यांना स्वतःची उपकरणे वापरण्याची परवानगी असल्याने तिच्यामुळे संघाला हवेत झेप घेण्याचे साधन मिळते. चौथा फुमिकागे तोकोयामी; त्याच्या अंगातून निघणारी सजीव सावली सर्व दिशांनी बचाव करते. या संघाची बेरीज १,००,००,३२५ होते.

लढतीचा गाभा म्हणजे मिदोरिया आणि तोदोरोकी यांची झुंज होय. तोदोरोकी कामिनारीच्या विजेने आसपासच्या संघांना क्षणभर बधिर करतो, त्यांना बर्फात गोठवतो आणि मिदोरियाला एकटे गाठतो. मिदोरिया सतत त्याच्या डाव्या बाजूला राहतो. तोदोरोकी बर्फ उजव्या अंगाने सोडतो, आणि तिकडून डावीकडे मारा करायचा तर मध्ये त्याचाच घोडा असलेला ईदा येतो. एवढ्या साध्या निरीक्षणावर मिदोरिया बराच काळ तग धरतो. तोकोयामीची सावली प्रकाशाने दुबळी होते, परंतु कामिनारीला आपल्या विजेच्या लखलखाटाचा हा उपयोग ठाऊक नसल्याने ते संकटही टळते. शेवटचे जेमतेम मिनिट उरले असताना ईदा सर्वांपासून दडवून ठेवलेला अतिवेगाचा डाव वापरतो आणि डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच १ कोटीची पट्टी तोदोरोकीच्या हातात असते. त्यानंतर ईदाच्या पायांतील इंजिने बंद पडतात. एका झेपेसाठी सगळी ताकद खर्च करण्याचा हा निर्णय त्याच्या नियमनिष्ठ स्वभावाला धरूनच आहे, कारण त्याने आधीच सांगितलेले असते की त्याला मिदोरियाला हरवायचे आहे.

प्रत्युत्तरात मिदोरिया आपली अजून न आवरलेली शक्ती हातात आणून पुढे झेपावतो. त्या दाबाने दचकून तोदोरोकीची डावी बाजू आपसूक पेट घेते आणि आपण शपथ मोडल्याचे लक्षात येताच तो थबकतो. त्या क्षणी मिदोरियाच्या हाती पट्टी लागते, पण ती ७० गुणांची निघते, कारण तोदोरोकीच्या संघाने पट्ट्यांची जागा आधीच बदललेली असते. संघ हरल्यासारखा उभा असताना तोकोयामी सांगतो की गोंधळात त्याच्या सावलीने तोदोरोकीची मूळ ६१५ गुणांची पट्टी काढून घेतली आहे. स्वाराचे यश घोड्याच्या हातून यावे, ही या संपूर्ण लढतीची सर्वांत योग्य परिणती वाटते. एकट्याने सगळे पेलू पाहणाऱ्या मिदोरियाला तिथे सहकाऱ्याने वाचवलेले असते.

दुसरीकडे ‘ब’ तुकडीचा डाव वेगळाच आहे. तिच्या विद्यार्थ्यांनी पहिल्या फेरीत मुद्दाम मागे राहून ‘अ’ तुकडीच्या शक्ती पारखून घेतलेल्या असतात. स्पर्शाने दुसऱ्याचे क्वर्क काही काळ वापरू शकणारा नेइतो मोनोमा बाकुगोची पट्टी सहज काढून घेतो आणि त्याला डिवचतो. बाकुगो चिडून स्वतःच्या स्फोटांच्या जोरावर घोड्यावरून उडतो. पाय जमिनीला लागण्याआधी त्याच्याच संघातील हान्ता सेरो चिकटपट्टीने त्याला परत ओढतो आणि पंच ते नियमात बसवतात. पुढे किरिशिमाची सूचना ऐकून तो सहकाऱ्यांच्या आधाराने पट्ट्या परत मिळवतो. ऐकण्याची सवय नसलेल्या मुलाला घोड्याशिवाय जिंकता येत नाही, हे तो कबूल करत नाही, पण कृतीतून दाखवतो.

निकालाचे गणित पाहण्यासारखे आहे. १ कोटी वगळता मैदानातील सर्व गुणांची बेरीज केवळ ४,३०५ भरते. तोदोरोकी पहिला आला. त्याच्यामागे बाकुगो १,३६०, शिनसो १,१२५ आणि मिदोरिया ६१५ गुणांवर राहिले. म्हणजे चार संघांत बसण्यासाठी त्या मोठ्या पट्टीची गरज मुळीच नव्हती. हे शिनसोने ओळखले होते. आपल्या बोलण्याला उत्तर देणाऱ्याच्या मनाचा ताबा घेणारा हा मुलगा मोठ्या झुंजीपासून दूर राहतो, सर्वांचे लक्ष १ कोटीकडे असताना संधी साधतो आणि शेवटच्या क्षणांत ‘ब’ तुकडीतील तेत्सुतेत्सुच्या संघाला पट्टी गेल्याचे कळण्याआधीच वर सरकतो. त्याची चाल लढतीदरम्यान जवळपास दाखवलीच जात नाही. वाचकाची नजरही त्याने चुकवावी, अशी ही रचना आहे. नायक-शाखेच्या प्रवेशपरीक्षेत यंत्रमानवांविरुद्ध निरुपयोगी ठरलेली त्याची शक्ती माणसांच्या गर्दीत किती प्रभावी आहे, हे त्यातून दिसते.

या लढतीचे ॲनिमेशन रूपांतर बोन्स या स्टुडिओने २०१७ मध्ये मालिकेच्या दुसऱ्या पर्वात सादर केले. मूळ मांगातील दाट चौकटींमध्ये कोण कोणत्या दिशेला आहे हे शोधावे लागते. पडद्यावर ईदाची धाव आणि बाकुगोची उडी अधिक स्पष्टपणे उलगडते, तर निवडीच्या वेळचे बारकावे कागदावर अधिक सावकाश वाचता येतात.

चार संघांतील सोळा जणांची पुढे एकास एक अशी बाद फेरी होणार असते. परंतु शिनसोच्या संघातील माशिराओ ओजिरो आपल्याला लढतीतले जवळपास काहीच आठवत नसल्याचे सांगून माघार घेतो, आणि त्याच्यापाठोपाठ निरेंगेकी शोदाही. काहीही न करता मिळालेल्या जागेवर उभे राहणे दोघांनाही मान्य नसते, तर त्याच संघातील युगा आओयामा मात्र स्पर्धेत राहतो. मिडनाइट ही माघार मंजूर करतात. रिक्त जागा पाचव्या आलेल्या, ‘ब’ तुकडीतील इत्सुका केंदोच्या संघाला देऊ केल्या जातात. ती अखेरपर्यंत झुंजलेल्या तेत्सुतेत्सुच्या संघाचे नाव पुढे करते, आणि त्यातून तेत्सुतेत्सु व इबारा शिओझाकी बाद फेरीत दाखल होतात. डावा हात पेटल्याची तोदोरोकीची अस्वस्थता त्याच्याबरोबर पुढे जाते आणि बाद फेरीत मिदोरियाशी होणाऱ्या त्याच्या सामन्याची पार्श्वभूमी ठरते.