इब्राहिम अल-सलाही

अल-सलाही, इब्राहिम : (जन्म ५ सप्टेंबर १९३०). सुदानी चित्रकार व कलाशिक्षक. आधुनिक आफ्रिकी चित्रकलेतील ज्येष्ठांपैकी एक. खार्टूम येथील कलाशाळेत त्यांनी १९५७ पासून पुढे दशकभर अध्यापन केले. अरबी अक्षरांची मोडतोड करून त्यांतून माणसे, प्राणी आणि झाडे काढण्याची त्यांची रीत याच काळात घडली.

जन्म नाईल नदीकाठच्या ओमदुरमान शहरात. वडील धर्मशिक्षक होते आणि घरातच कुराणशाळा चालवत. सुदानमधील अशा शाळांत मुले लाकडी पाटीवर (लौह) बोरूने कुराणातील आयत (वचन) लिहितात, पाठ झाली की पाटी धुऊन पुढची लिहितात. कुराणाचा एखादा टप्पा पुरा झाला की ती पाटी रंगीत नक्षीने सजवायची, या सजावटीला ‘शराफा’ म्हणतात. इब्राहिम यांच्या हातून झालेले पहिले रंगकाम हेच. पुढे त्यांच्या चित्रांवर लंडनपासून न्यूयॉर्कपर्यंत पुष्कळ लिहिले गेले, पण त्यातली अनेक कोडी या पाटीपाशी आले की सुटतात. तिच्यावर मजकूर आणि नक्षी शेजारी शेजारी असतात, आणि दोन्ही पुसली जाणार हे लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक असते.

खार्टूमच्या गॉर्डन मेमोरियल कॉलेजात कलाशिक्षण घेतल्यावर शिष्यवृत्ती मिळवून ते १९५४ मध्ये लंडनच्या स्लेड कलाशाळेत गेले. तिथे तीन वर्षे त्यांनी पाश्चात्त्य पद्धतीचे रेखाटन आणि तैलरंगांचे तंत्र आत्मसात केले. १९५६ मध्ये, ते लंडनला असतानाच, सुदान स्वतंत्र झाला. पुढच्या वर्षी ते परतले आणि शिकवू लागले.

परतल्यावर त्यांनी खार्टूमच्या ग्रँड हॉटेलात लंडनमध्ये कमावलेल्या शैलीतील चित्रांचे प्रदर्शन मांडले. उद्‌घाटनानंतर तिकडे कोणी फिरकेना. एखाद्याने टीकेला उत्तर दिले असते किंवा लोकांना अडाणी ठरवून मोकळा झाला असता. सलाही यांनी चित्रे काढणेच थांबवले. सुमारे दोन वर्षे ते देशभर हिंडले. घरांच्या भिंतींवरची चित्रे, टोपल्या आणि चटयांची वीण, लाकडी भांड्यांवरचे कोरीवकाम, प्रार्थनेच्या चटया असे लोकांच्या रोजच्या वापरातले सगळे त्यांनी पाहिले. ज्यांना आपली चित्रे नकोत, त्यांच्या घरात काय टांगलेले असते हे पाहायला निघालेला हा मास्तर होता.

हिंडून आल्यावरचा बदल त्यांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. आधी चित्राच्या कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढा अरबी मजकूर लिहून पाहिला, तेव्हा लोक जरा थांबू लागले. मग तीच अक्षरे सगळ्या चित्रभर पसरली, तेव्हा ते आणखी जवळ आले. तिसऱ्या पायरीवर त्यांनी अक्षरेच फोडली. अक्षराला अर्थ कशामुळे येतो आणि तो काढून घेतल्यावर काय उरते, हे त्यांना पाहायचे होते. उरलेल्या रेषांतून चेहरे, शिंगे, पाने आणि पक्षी निघू लागले.

असे का व्हावे, हे समजायला अरबी लिपीची घडण माहीत हवी. तिच्यातील बहुतेक अक्षरे शब्दाच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी निरनिराळा आकार घेतात आणि शेजारच्या अक्षराला हात देऊन उभी राहतात. मोडी वाचणाऱ्याला ही ओढ लगेच कळेल. मात्र मोडीची धाव घाईच्या कारभारासाठी होती, तर अरबी सुलेखनाला मापाचे कडक शास्त्र आहे. बगदादचा वजीर इब्न मुक्ला (मृत्यू ९४०) याने हे माप बसवले असे मानतात. बोरूचे तिरपे टोक कागदावर टेकले की जो चौकोनी ठिपका उमटतो, तो एकक. अलिफ या अक्षराची उभी रेघ किती ठिपक्यांची आणि नून या अक्षराची वाटी किती खोल, हे त्यावरून ठरते. (कलम आणि दौत हे आपले शब्दही मूळचे अरबीच, मराठीत आले ते फारसीच्या वाटेने.) कित्ता गिरवून ज्याच्या हातात हे माप मुरले आहे, तो ते मोडतो तेव्हाही रेषेचा तोल सुटत नाही. सलाही यांच्या आकृत्यांचे उंच, ताणलेले देह पाहताना अलिफ आठवतो. नूनची वाटी कधी डोळ्याची खोबण होते, कधी चंद्रकोर.

‘बालपणीच्या स्वप्नांचे पुन्हा जन्मलेले ध्वनी’ (१९६१–६५) हे या काळातले मोठे चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. सुमारे २६० सेंमी. लांबी-रुंदीच्या या कापडावर मुखवट्यांसारखे चेहरे धुक्यातून यावेत तसे उभे आहेत. रंग मातीचे : गेरू, काळा, करडा, मळका पांढरा.

सलाही एकटे नव्हते. उस्मान वकीअल्ला आणि अहमद शिबरैन हेही खार्टूममध्ये अक्षरांवर काम करत होते. या मंडळींना ‘खार्टूम स्कूल’ हे नाव दिले ते तिथे शिकवायला आलेले गयानाचे चित्रकार डेनिस विल्यम्स यांनी. अरब जगात अक्षरावर आधारलेल्या आधुनिक चित्रकलेला ‘हुरुफिया’ म्हणतात (हर्फ म्हणजे अक्षर). इराकच्या मदिहा उमर यांनी १९४९ मध्येच वॉशिंग्टनला अशी चित्रे मांडली होती. सलाही यांना याच रांगेत बसवण्याची प्रथा आहे, पण ते पुरते पटत नाही. त्यांच्या चित्रात अक्षर शेवटपर्यंत अक्षर राहतेच असे नाही, आणि आफ्रिकी मुखवट्याचा वाटा सुलेखनापेक्षा कमी नाही. खुद्द खार्टूममध्येही वारशाच्या या ओढीला विरोध झाला. त्यांच्या विद्यार्थिनी कमला इब्राहिम इशाक यांनी सहकाऱ्यांसह १९७६ मध्ये ‘क्रिस्टलिस्ट’ जाहीरनामा काढून वेगळी वाट धरली.

१९६० च्या दशकात नायजेरियातील इबादान येथील म्बारी या लेखक-कलावंतांच्या क्लबशी त्यांचा संबंध आला, रॉकफेलर शिष्यवृत्तीवर अमेरिकाही पाहून झाली. १९६९ मध्ये ते लंडनच्या सुदानी दूतावासात सांस्कृतिक अधिकारी झाले आणि १९७२ मध्ये परतून संस्कृती खात्यात वरिष्ठ पदावर गेले. सप्टेंबर १९७५ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष नुमेरी यांच्या राजवटीने सरकारविरोधी कारवायांच्या आरोपाखाली त्यांना अटक केली. खटला न चालवता त्यांना सहा महिन्यांहून अधिक काळ खार्टूमच्या कोबर तुरुंगात ठेवले गेले. कागद-पेन्सिल बाळगायला तिथे बंदी होती. सापडल्यास एकांतकोठडी. तरीही ते कागदाच्या कपट्यांवर चित्रे काढत आणि वाळूत पुरून ठेवत. सुटल्यावर, नजरकैदेत असताना, त्यांनी आठवणींतून भरलेली रेखाटनवही आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे.

त्या कपट्यांनी त्यांची कामाची रीतच बदलली. एका छोट्या तुकड्यापासून सुरुवात करायची, मग शेजारी दुसरा जोडायचा, आणि पूर्ण चित्र केवढे होईल ते आधी ठरवायचे नाही. १९७७ मध्ये देश सोडून कतारला गेल्यावर त्यांनी याच पद्धतीने काळ्या शाईत ‘अटळ’ (१९८४–८५) हे नऊ फलकांचे चित्र केले. ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.

१९९८ पासून त्यांचे वास्तव्य ऑक्सफर्डला आहे. नाईलकाठचे ‘हराज’ हे बाभळीच्या जातीचे झाड त्यांच्या उत्तरकाळातील चित्रांत सतत येते. पावसात ते पाने गाळते आणि उन्हाळ्यात, सगळे वाळलेले असताना, हिरवे राहते. या झाडाच्या उलट्या स्वभावात त्यांना सुदानी माणूस दिसतो. २०१३ मध्ये टेट मॉडर्नने त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले. आफ्रिकी आधुनिक चित्रकाराला तिथे मिळालेला असा हा पहिलाच मान. अलीकडे पाठीच्या दुखण्यामुळे मोठ्या कापडापुढे उभे राहणे जमेनासे झाले, तेव्हा ते खुर्चीत बसून औषधांच्या रिकाम्या खोक्यांवर पेनाने चित्रे काढू लागले. ‘वेदनाशमन’ नावाच्या या मालिकेतील काही चित्रे नंतर स्क्रीन छपाईने मोठ्या कापडावर उतरवली आहेत.