शाळकरी मुलांचा आकडा गर्भवतीला लागू पडत नाही

एखाद्या वस्तीला आयोडीन पुरेसे मिळते की नाही, हे बहुधा तिथल्या शाळकरी मुलांच्या लघवीच्या तपासणीवरून ठरवतात. आहारातले ९० टक्क्यांहून अधिक आयोडीन लघवीवाटे बाहेर पडते, आणि मुले शाळेत एकत्र भेटतात. नमुन्यांचा मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, लिटरमागे १०० ते १९९ मायक्रोग्रॅम आला की पुरवठा पुरेसा मानला जातो. ही पद्धत उपयोगाची आहे. परंतु त्याच घरातल्या गर्भवतीची हमी ती देत नाही, आणि याकडे होणारे दुर्लक्ष मला गंभीर वाटते.

गरोदरपणात थायरॉईड ग्रंथीला आयोडीनपासून सुमारे दीडपट संप्रेरक (थायरॉक्सिन) तयार करावे लागते, मूत्रपिंडांवाटे आयोडीन अधिक वाहून जाते, आणि गर्भाची स्वतःची ग्रंथी पुरेशी कामाला लागेपर्यंत, म्हणजे जवळपास निम्मे दिवस भरेपर्यंत, त्याच्या मेंदूची वाढ मुख्यतः आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला १२० मायक्रोग्रॅम आयोडीन सुचवते, तर गर्भवतीसाठी २५०. लघवीतला मध्यक लिटरमागे १२० आला, तर मुलांपुरता तो समाधानकारक ठरतो. गर्भवतींसाठी मात्र किमान १५० लागतो.

समुद्रकाठच्या मुंबईत ही उणीव कशी असेल, अशी शंका साहजिक आहे. पण खारे पाणी आटवून केलेल्या मिठात आयोडीन जवळजवळ उरत नाही. मिठागरांतले खडेमीठही त्याला अपवाद नाही. आयोडीन वरून मिसळावे लागते, आणि आपल्याकडे त्यासाठी पोटॅशियम आयोडेट हे आयोडीनचे संयुग वापरतात, कारण दमट हवेत ते आयोडाइड या दुसऱ्या संयुगापेक्षा चांगले टिकते. तरीही पावसाळ्यात ओट्यावरच्या उघड्या बरणीत मिठाला पाणी सुटते, तेव्हा थोडे आयोडीन जातेच. घट्ट झाकण लावणे एवढा उपाय सहज करता येतो.

दुकानातल्या मिठात ग्रॅममागे किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावे लागते. त्या हिशेबाने ५ ग्रॅम मिठातून ७५ मायक्रोग्रॅम मिळते. उरलेले दूध, अंडी, मासळी यांतून यावे लागते. पूर्वी उपवासापुरते असलेले सैंधव काही घरांत आता रोजच्या आमटीत पडते, आणि पुडीवर ‘आयोडीनयुक्त’ असे छापलेले नसेल, तर हा मुख्य पुरवठाच तुटतो.

गर्भवतीने मीठ वाढवावे, असा याचा अर्थ नाही. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळीत आयोडीन नसते. वेगळी गोळी हवी का, हे डॉक्टरांनाच विचारावे. विशेषतः थायरॉईडचा विकार आधीपासून असेल तर, कारण आयोडीनचा अतिरेकही या ग्रंथीला बाधतो.