पंचिंग बॅग घेताना : वजन, भरण आणि हुक

बहुतेक ग्राहक आधी लांबी विचारतात. आधी वजन ठरवा. साधा ठोकताळा म्हणजे स्वतःच्या वजनाच्या निम्मं : 70 किलोच्या माणसाला 35 किलोच्या आसपास. बॅग फार हलकी असली की प्रत्येक ठोशाला झोके घेते आणि अर्धा वेळ तिला थांबवण्यातच जातो. नुसते ठोसे मारायचे तर 4 फूट पुरे. लाथाही मारणार असाल तर 5 ते 6 फूट घ्या.

रिकामी बॅग स्वस्त पडते, पण खरं काम भरणात आहे. शिंप्याकडची कातरण आणि जुने सुती कपडे उत्तम. बटणं, चेन, हुक आधी कापून टाका. वीतभर थर घालायचा, लाकडी दांडक्याने कडेकडेने ठासायचा, मग पुढचा थर. मोकळी वाळू ओतू नका. ठोशांनी ती तळाशी जाऊन बसते. खाली दगड, वर पोकळ. मनगटं आणि बोटांचे सांधे दुखावतात ते अशाच बॅगेवर. वजन वाढवायचंच असेल तर वाळू एक-दोन किलोच्या दुहेरी पिशव्यांत चिकटपट्टीने बंद करून मधोमध ठेवा, भोवती सगळीकडून कापड यायला हवं. वापरायला लागल्यावर भरण खाली बसतंच, तेव्हा वरून पुन्हा ठासा.

पंख्याच्या हुकाला बॅग टांगू नका, पंखा काढून ठेवला असला तरी नाही. तो हुक स्थिर वजनासाठी असतो. बॅग हिसके देते. काँक्रीटच्या स्लॅबमध्ये किंवा बीममध्ये 12 मिमीचा अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये फुलून घट्ट बसणारा बोल्ट) मारून घ्या, आणि भोक पाडण्याआधी वायरिंगचा पाइप कुठून गेलाय ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. पीओपीचं छत, 4 इंची भिंत किंवा हलक्या ब्लॉकची भिंत यांवर ब्रॅकेट लावायचा आग्रह आम्हाला करू नका, आम्ही लावणार नाही. भाड्याचं घर असेल तर स्टँडवाली बॅग घ्या. तिच्या तळात पाण्याऐवजी वाळू भरा, कमी सरकते. खालच्या मजल्यावर धपधप ऐकू जाते, म्हणून तळाखाली जाड रबरी मॅट हवीच.

बॅगेभोवती चारही बाजूंनी 3 फूट जागा मोकळी ठेवा.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत चामड्यावर बुरशी धरते. तिथे जाड रेक्झिन बरं. वापरून झाल्यावर घाम पुसला की झालं.

ग्लोव्ह्ज 12 ते 16 औंसांचे, आत 180 इंची हँडरॅप (हाताला गुंडाळायची कापडी पट्टी). साखळीच्या कड्या आणि वरचा स्विव्हल (बॅगेला गोल फिरू देणारा जोड) महिन्यातून एकदा तपासा. कडी घासून बारीक झालेली दिसली की वेल्डिंग करून घेऊ नका, साखळीच बदला.