श्न्यादेत्स्की, येंजेय

श्न्यादेत्स्की, येंजेय : (३० नोव्हेंबर १७६८ – मे १८३८). आज लिथुएनियाची राजधानी असलेल्या व्हिल्न्यूस येथील विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक, वैद्य आणि लेखक. लिथुएनियन भाषेत त्यांचे नाव अँद्रियुस स्न्यादेत्स्किस असे लिहितात. त्यांचा जन्म पोलंडमधील झ्निन गावाजवळच्या रिदलेवो येथे झाला, चाळीस वर्षांहून अधिक काळ ते व्हिल्न्यूसमध्ये राहिले आणि त्यांची समाधी आज बेलारूसमध्ये असलेल्या गोरोद्निकी येथे आहे. त्यामुळे तिन्ही देश त्यांना आपले मानतात. त्यांच्या काळी ‘लिथुएनियन’ म्हणजे लिथुएनियाच्या जुन्या महासंस्थानात राहणारा माणूस. त्याची घरची भाषा पोलिश असो, बेलारूसी असो वा लिथुएनियन. आजच्या सीमा त्यांच्या आयुष्यावर काढून बघितल्या तर गोंधळच होतो. त्यांचे काम मात्र जवळपास सगळे एकाच शहरात, व्हिल्न्यूसमध्ये झाले.

शिक्षण आणि व्हिल्न्यूस

थोरले भाऊ यान हे गणितज्ञ आणि खगोलशास्त्रज्ञ होते. पुढे १८०७ ते १८१५ या काळात ते व्हिल्न्यूस विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. येंजेय यांनी क्राकूवला शिकून वैद्यकासाठी इटलीतले पाव्हिया गाठले आणि १७९३ मध्ये तेथून डॉक्टरेट मिळवली. पाव्हियात तेव्हा व्होल्टा भौतिकी शिकवत होते. तेथून ते एडिनबरोला गेले, जिथे जोसेफ ब्लॅक यांच्यामुळे रसायनशास्त्राला वैद्यकाच्या बरोबरीचा मान होता. परतल्यावर काही काळ त्यांनी वैद्यकी केली आणि १७९७ मध्ये व्हिल्न्यूसला रसायनशास्त्राचे अध्यासन स्वीकारले.

हा काळ ध्यानात घ्यायला हवा. १७९५ मध्ये पोलंड आणि लिथुएनिया यांचे संयुक्त राज्य शेजाऱ्यांनी तिसऱ्यांदा वाटून घेतले आणि ते नकाशावरून पुसले गेले. व्हिल्न्यूस रशियाच्या हाती गेले. रसायनशास्त्रातही उलथापालथ चालू होती. फ्रेंच रसायनज्ञ लाव्हाझिए यांनी १७८९ मध्ये आपल्या ग्रंथातून नवे रसायनशास्त्र मांडले होते, जळताना पदार्थातून ‘फ्लॉजिस्टन’ नावाचे द्रव्य बाहेर पडते ही जुनी कल्पना मोडीत निघाली होती आणि खुद्द लाव्हाझिए यांचा १७९४ मध्ये पॅरिसमध्ये शिरच्छेद झाला होता. श्न्यादेत्स्की नव्या मताचे होते. हे नवे शास्त्र त्यांनी लॅटिन बाजूला ठेवून पोलिशमध्ये शिकवायला घेतले. व्याख्यानांना विद्यार्थ्यांखेरीज शहरातली माणसेही येत. ज्या भाषेमागे आता राज्य उरले नव्हते, तिच्यात विज्ञान उभे करणे हे त्यांनी मनापासून घेतलेले काम होते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांचे सर्वांत मोठे कामही तेच.

शब्द घडवणे

१८०० मध्ये त्यांचे ‘पोचोंत्की हेमी’ म्हणजे ‘रसायनशास्त्राची मूलतत्त्वे’ हे पुस्तक दोन खंडांत प्रसिद्ध झाले. पोलिश भाषेतले हे पहिले रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक. १८०७ मध्ये आणि नंतर १८१६-१७ मध्ये त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. मोठी अडचण अशी होती की सांगायच्या गोष्टींना नावेच नव्हती. लाव्हाझिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रीक शब्दांची मुळे घेऊन फ्रेंच संज्ञा घडवल्या होत्या. श्न्यादेत्स्की यांनी त्यांचा अर्थ उलगडला आणि तो पोलिश शब्दांत पुन्हा बांधला. ऑक्सिजन म्हणजे आम्ल जन्माला घालणारा. पोलिशमध्ये आम्लाला ‘क्वास’ आणि जन्म किंवा कूळ याला ‘रुद’, म्हणून ‘क्वासोरुद’. पाणी म्हणजे ‘वोदा’, म्हणून हायड्रोजन झाला ‘वोदोरुद’. सोऱ्याला ‘सालेत्रा’ म्हणतात, त्यावरून नायट्रोजनला ‘सालेत्रोरुद’.

मराठी वाचकाला ही धडपड परकी वाटणार नाही. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आणि आपला ‘नत्र’ हा शब्द त्याच नायट्रच्या कुळातला आहे. ‘प्राणवायू’ घडवताना मात्र आपल्याकडे वेगळी वाट धरली गेली: आम्लाचा संदर्भ सोडून श्वासाचा धरला. ती निवड अधिक टिकाऊ ठरली असे म्हणता येते. कारण क्लोरीन हे मूलद्रव्य आहे आणि मिठाच्या आम्लात (हायड्रोक्लोरिक आम्लात) ऑक्सिजन मुळीच नसतो हे हम्फ्री डेव्ही यांनी १८१० मध्ये दाखवले, तेव्हा ‘आम्ल जन्माला घालणारा’ हे वर्णनच चूक ठरले. जगभर ऑक्सिजन हे नाव त्या चुकीसकट चालू राहिले. पोलिशमध्ये मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास यान ओचापोव्स्की यांनी धुमसणे या अर्थाच्या क्रियापदावरून ‘त्लेन’ हा शब्द सुचवला आणि तो रुळला. ‘वोदोरुद’ आटून ‘वोदुर’ झाला आणि आजही चालतो. लिथुएनियन भाषेत ऑक्सिजनला ‘देगुओनिस’ म्हणतात. तोही ‘देग्ती’ म्हणजे जळणे यावरून आलेला. हायड्रोजनचा ‘वांदेनिलिस’ पाण्यावरून आला आहे. हे शब्द श्न्यादेत्स्की यांचे नाहीत. व्हिल्न्यूसमधून लिथुएनियनमध्ये रसायनशास्त्र शिकवण्याचा काळ त्यांच्यानंतर शंभर वर्षांनीही आलेला नव्हता. १९२२ मध्ये लिथुएनियातील कौनास येथे विद्यापीठ सुरू झाले आणि तेथे ते काम पुढे गेले.

व्हेस्टियम

१८०८ मध्ये श्न्यादेत्स्की यांनी दक्षिण अमेरिकेतून आलेल्या कच्च्या प्लॅटिनममध्ये नवे मूलद्रव्य सापडल्याचे जाहीर केले. हे प्लॅटिनम म्हणजे त्या काळच्या रसायनज्ञांचा खजिनाच होता. अवघ्या दोन-तीन वर्षांत, १८०२ ते १८०४ दरम्यान, वोलास्टन यांनी त्यातून पॅलेडियम व ऱ्होडियम, तर टेनंट यांनी ऑस्मियम व इरिडियम वेगळे केले होते. त्यातून आणखी काही निघेल ही अपेक्षा वावगी नव्हती. नावही काळाला धरून होते. सेरेस आणि पॅलस हे लघुग्रह सापडले तसे सेरियम आणि पॅलेडियम ही नावे ठेवली गेली होती. मार्च १८०७ मध्ये ओल्बर्स यांना व्हेस्टा हा लघुग्रह दिसला, म्हणून श्न्यादेत्स्की यांनी आपल्या धातूला व्हेस्टियम म्हटले.

त्यांनी हा शोध पॅरिसला कळवला. फ्रेंच विद्वानांच्या समितीने प्रयोग करून पाहिले, पण त्यांच्या नमुन्यात तो धातू मिळाला नाही. त्या काळात पॅरिसचा निकाल म्हणजे अखेरचा शब्द. श्न्यादेत्स्की यांनी वाद घातला नाही. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत व्हेस्टियम दिसत नाही.

१८४४ मध्ये कझान विद्यापीठातील कार्ल क्लाउस यांनी उरलच्या प्लॅटिनमच्या गाळातून रुथेनियम शुद्ध रूपात मिळवले. श्न्यादेत्स्की यांना निधन पावून तेव्हा सहा वर्षे झाली होती. त्यांनी पाहिलेला धातू रुथेनियमच होता, असे पोलंडमधील अनेक लेखक ठामपणे लिहितात. या दाव्याबाबत जपून बोलायला हवे. खनिजांमध्ये रुथेनियमचे प्रमाण अत्यल्प आणि नमुन्यागणिक बदलते असते, त्यामुळे पॅरिसला न मिळणे आणि व्हिल्न्यूसला मिळणे हे दोन्ही शक्य आहे. पण मूळ नमुना तपासता येत नाही तोवर शोधाचे श्रेय क्लाउस यांच्याकडेच राहते, आणि ते योग्यच आहे. हा धातू पुढे मोलाचा ठरला. २००१ मध्ये नोयोरी आणि २००५ मध्ये ग्रब्ज यांना ज्या उत्प्रेरकांबद्दल रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यांत रुथेनियमचा मोठा वाटा आहे.

सूर्य, हाडे आणि जीवन

श्न्यादेत्स्की यांचा दुसरा मोठा ग्रंथ ‘सजीवांचा सिद्धान्त’. त्याचा पहिला खंड १८०४ मध्ये आणि दुसरा १८११ मध्ये निघाला. जर्मन आणि फ्रेंच भाषांतरेही झाली. जीव म्हणजे द्रव्याची अखंड देवघेव, हा त्यातला गाभा. निर्जीव द्रव्य वनस्पतींत येते, तेथून प्राण्यांत जाते, कुजून पुन्हा मातीला मिळते. एकेक जीव संपतो पण हे चक्र चालू राहते आणि त्याला सूर्याच्या किरणांचा आधार लागतो. चयापचय हा शब्द आज शाळेत शिकवला जातो, पण १८०४ मध्ये असे लिहायला रसायनशास्त्र आणि वैद्यक दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यात असावे लागत होते.

मुलांच्या शारीरिक संगोपनावरील त्यांचे लेखनही त्याच विचारातून आले. मोकळी हवा, धावणे, खेळणे यांवर त्यांचा भर होता. लहान मुलांना कोंदट खोलीत गुंडाळून ठेवणे आणि फार लवकर पुस्तकांना जुंपणे त्यांना मान्य नव्हते. मुडदूस (हाडे मऊ पडून वाकण्याचा रोग) शहरातल्या मुलांमध्ये फार दिसतो आणि खेड्यातल्या मुलांमध्ये क्वचित, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. १८२२ मध्ये त्यांनी लिहिले की अशा मुलांना उघड्यावर, थेट उन्हात ठेवावे. ऊन हेच यावरचे सर्वांत गुणकारी औषध.

हे वाक्य जवळजवळ शंभर वर्षे कोणी ऐकले नाही. १९१९ मध्ये बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी पाऱ्याच्या दिव्याच्या अतिनील किरणांनी मुडदूस बरा होतो हे दाखवले. १९२१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हेस आणि उंगर यांनी उन्हाचा तोच गुण सिद्ध केला. मग ‘ड’ जीवनसत्त्व ओळखले गेले आणि कारण उलगडले: त्वचेतला कोलेस्टेरॉलच्या जवळचा एक पदार्थ अतिनील किरणांनी बदलतो, यकृतात व मूत्रपिंडात त्याला अखेरचे रूप येते आणि मग आतडे अन्नातले कॅल्शियम नीट शोषते. व्हिल्न्यूस जवळपास ५५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे हिवाळ्यात सूर्य इतका खाली असतो की त्वचेत हे जीवनसत्त्व फारसे तयारच होत नाही. तिथल्या वैद्याला उन्हाची किंमत कळली यात नवल नाही. पण उन्हात काय आहे हे ठाऊक नसताना केवळ मुले पाहून त्यांनी निष्कर्ष काढला, हे विशेष. १९३९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात पोलिश जीवरसायनज्ञ मोझोवोव्स्की यांनी ही नोंद जगासमोर आणली.

शहर, लेखणी आणि अखेरची वर्षे

१८०५ मध्ये स्थापन झालेल्या व्हिल्न्यूस वैद्यक मंडळाच्या संस्थापकांत ते होते. ‘शुब्राव्त्सी’ म्हणजे ‘लफंगे’ असे नाव स्वतःहून घेतलेल्या मंडळातही ते रमले. दारू, पत्ते, कोर्टकज्जे आणि खानदानाचा माज यांच्यावर हे मंडळ आपल्या साप्ताहिकातून आसूड ओढत असे. सभासद जुन्या लिथुएनियन देवतांची नावे घेत. श्न्यादेत्स्की यांचे नाव ‘सोत्वारोस’. १८२२ मध्ये मंडळ बंद झाले. त्याच वर्षी त्यांनी रसायनशास्त्राचे अध्यासन सोडले आणि त्यांचे शिष्य इग्नात्सी फोनबर्ग यांनी ते चालवले. त्या काळच्या व्हिल्न्यूसमध्ये शिकलेले इग्नात्सी दोमेय्को पुढे चिलीत खनिजशास्त्राचे आद्य शिक्षक आणि विद्यापीठाचे कुलगुरू झाले. श्न्यादेत्स्की यांची मुलगी लुद्विका हिच्यावर तरुण कवी स्वोवात्स्की यांचे एकतर्फी प्रेम होते. पोलिश साहित्यात त्यामुळे तिचे नाव वडिलांइतकेच घेतले जाते.

नंतर श्न्यादेत्स्की यांनी विद्यापीठाच्या रुग्णालयात अंतर्वैद्यक शिकवले. रशियाविरुद्धचा १८३०-३१ चा उठाव मोडून काढल्यावर झारने १८३२ मध्ये विद्यापीठ बंद केले. वैद्यक विभाग वेगळी अकादमी म्हणून उरला आणि श्न्यादेत्स्की तेथे शिकवत राहिले. त्यांच्या निधनानंतर चार वर्षांनी, १८४२ मध्ये, ती अकादमीही बंद पडली. व्हिल्न्यूसला पुन्हा विद्यापीठ मिळायला १९१९ साल उजाडावे लागले. आज पोलिश रसायन परिषद त्यांच्या नावाने पदक देते आणि ग्दान्स्क येथील शारीरिक शिक्षण विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. हाडे बळकट व्हावीत म्हणून मुलांना उन्हात धाडणाऱ्या माणसाचे नाव तिथल्या मैदानांना शोभते.