आंतरराष्ट्रीय निवडणूक निरीक्षण

एखाद्या देशाने निमंत्रण दिल्यावर बाहेरच्या देशांतील किंवा आंतरराष्ट्रीय संघटनांची पथके तेथील निवडणूक पाहतात, ठरावीक पद्धतीने नोंदी करतात आणि आपले निष्कर्ष जाहीर करतात. या कार्यपद्धतीला आंतरराष्ट्रीय निवडणूक निरीक्षण म्हणतात. लोकशाही संस्था व सुशासन बळकट करण्यासाठी देशादेशांत अनेक प्रकारचे सहकार्य चालते : निवडणूक आयोगांना तांत्रिक साहाय्य, न्यायाधीशांचे प्रशिक्षण, संसदीय सचिवालयांची व लेखापरीक्षण यंत्रणांची उभारणी. यांपैकी निरीक्षण लोकांच्या नजरेत सर्वाधिक भरते आणि त्याबद्दलचे गैरसमजही सर्वाधिक आहेत. निरीक्षकाला मतदान थांबवता येत नाही, केंद्राध्यक्षाला सूचना देता येत नाही, निकाल तर मुळीच बदलता येत नाही. त्याचे सगळे बळ दोन गोष्टींत असते : प्रत्येक टप्प्यावर हजर राहण्याची मुभा आणि पाहिलेले पुराव्यासह, स्पष्टपणे सांगण्याचे स्वातंत्र्य. यांपैकी एक जरी काढून घेतली, तरी उरते ती केवळ पाहुण्यांची भेट.

निरीक्षणाहून पर्यवेक्षण व प्रमाणीकरण वेगळे. पर्यवेक्षणात आंतरराष्ट्रीय यंत्रणेच्या संमतीशिवाय पुढचा टप्पा सुरूच होत नाही; नामिबियातील नोव्हेंबर १९८९ ची निवडणूक संयुक्त राष्ट्रांनी अशा रीतीने पार पाडली. कंबोडियात मे १९९३ मध्ये तर संयुक्त राष्ट्रांनी निवडणूक स्वतःच घेतली. प्रमाणीकरणात निकाल ग्राह्य आहे की नाही हे बाहेरची यंत्रणा सांगते. कोत दिव्हार (आयव्हरी कोस्ट) येथे डिसेंबर २०१० मध्ये निवडणूक आयोगाने अलासान वातारा यांना विजयी घोषित केले, दुसऱ्याच दिवशी संविधान परिषदेने तो निकाल फिरवून लोराँ ग्बाग्बो यांना विजयी ठरवले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांचे विशेष प्रतिनिधी चोइ यंग-जिन यांनी निकालपत्रके तपासून वातारा यांचा विजय प्रमाणित केला. एप्रिल २०११ मध्ये ग्बाग्बो पकडले जाईपर्यंत तेथे सशस्त्र संघर्ष चालू होता. इतकी जोखमीची जबाबदारी संयुक्त राष्ट्रे क्वचितच घेतात. महासभेच्या किंवा सुरक्षा परिषदेच्या आदेशाशिवाय ती साधे निरीक्षणही करत नाहीत. १९९१ च्या ठरावानंतर उभ्या राहिलेल्या त्यांच्या निवडणूक साहाय्य विभागाचा भर तांत्रिक मदतीवर असतो.

पूर्वपीठिका

मोल्डेव्हिया व वॉलेकिया या संस्थानांतील १८५७ च्या निवडणुकांवर युरोपीय सत्तांच्या आयोगाने ठेवलेली देखरेख हे पहिले उदाहरण मानले जाते. सुदानमध्ये १९५३ ची निवडणूक एका मिश्र आंतरराष्ट्रीय आयोगाने घेतली. भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन त्याचे अध्यक्ष होते. वसाहती स्वतंत्र होत असताना संयुक्त राष्ट्रांनी अनेक सार्वमतांवर देखरेख केली. स्वतंत्र, सार्वभौम देशाची निवडणूक मात्र त्यांनी प्रथम पाहिली ती निकाराग्वात, फेब्रुवारी १९९० मध्ये. अमेरिकी राष्ट्र संघटना (ओएएस) हे काम १९६२ पासून करत होती, पण त्याला आजचे रूप १९८९ नंतर आले.

कायद्याचा मूळ आधार म्हणजे मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यातील (१९४८) कलम २१ आणि नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातील (१९६६) कलम २५. कलम २५ वरील संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीच्या १९९६ च्या भाष्यात मतदान व मतमोजणीची स्वतंत्र छाननी झाली पाहिजे, असे म्हटले आहे. युरोपातील सुरक्षा व सहकार्याच्या प्रक्रियेत सामील देशांनी जून १९९० मध्ये कोपनहेगन येथे एकमेकांच्या निरीक्षकांना बोलावण्याचे वचन दिले. त्या वचनामुळे त्या देशांत ‘बोलावले का?’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘किती मोकळीक दिली?’ हा प्रश्न पुढे आला. वॉर्सा येथील लोकशाही संस्था व मानवी हक्क कार्यालय (ओडिहर) हे काम पाहते. २७ ऑक्टोबर २००५ रोजी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने निरीक्षणाच्या तत्त्वांचा जाहीरनामा व निरीक्षकांची आचारसंहिता स्वीकारण्यात आली. ज्या सरकारची निवडणूक पाहायची त्याच्याकडून पैसा घेऊ नये, निधीचा स्रोत जाहीर करावा आणि आपल्या हजेरीमुळे लोकशाहीविरोधी प्रक्रियेला प्रतिष्ठा मिळणार असेल तर पथक पाठवूच नये, ही त्यातील कळीची कलमे.

निरीक्षण कसे चालते

निमंत्रण आल्यावर प्रथम एक लहान गट काही दिवसांसाठी त्या देशात जातो. आयोग, पक्ष, न्यायालये, पत्रकार व नागरी संघटना यांना भेटून तो पूर्ण पथक पाठवायचे, काही तज्ज्ञच पाठवायचे की कोणीच जायचे नाही, हे ठरवतो. मग यजमान सरकार व निवडणूक आयोगाशी लेखी करार होतो. हा करार वरवर कोरडा वाटतो. पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ त्यात असते. देशभर पूर्वसूचनेशिवाय फिरण्याची मुभा, मतमोजणी आणि निकालांच्या एकत्रीकरणाच्या खोलीत प्रवेश, ओळखपत्रे वेळेवर देण्याची हमी, परवानगी न घेता निवेदन काढण्याचा हक्क यांतील एखादी गोष्ट तोंडी आश्वासनावर सोडली, तर मतदानाच्या रात्री दाराशी उभा असलेला पहारेकरी ती नाकारतो. करारावर सही करणारा अधिकारी त्या वेळी उपलब्ध नसतो.

पूर्ण पथकाचे तीन थर असतात. राजधानीत साधारण दहा तज्ज्ञांचा मुख्य गट बसतो : निवडणूक कायदा, आयोगाचे कामकाज, राजकीय स्थिती, प्रसारमाध्यमे, समाजमाध्यमे, आकडेशास्त्र, सुरक्षा. दुसरा थर दीर्घकालीन निरीक्षकांचा. वेगवेगळ्या देशांतील दोघांची जोडी मतदानाच्या साधारण पाच-सहा आठवडे आधी प्रांतांत राहायला जाते. मतदारयाद्यांतील मृतांची व दुबार नावे, उमेदवारी अर्ज फेटाळण्याची कारणे, प्रचाराला मैदान नाकारणे, सरकारी वाहने व कर्मचारी प्रचारात वापरणे, तक्रारींवर निर्णय यायला लागणारा वेळ, हे सारे त्यांनाच दिसते. माध्यम विभाग वाहिन्यांवर कोणत्या पक्षाला किती सेकंद मिळाले आणि कोणत्या सुरात, हे रोज मोजतो. तिसरा थर अल्पकालीन निरीक्षकांचा. ते मतदानाच्या दोन-तीन दिवस आधी येतात. छायाचित्रे यांचीच छापून येतात, पण अहवालाचे वजन दुसऱ्या थराच्या कामावर अवलंबून असते. ज्या निवडणुकीत प्रबळ विरोधक उमेदवारीच्या टप्प्यावर बाद झाला, तिथे मतदानाच्या दिवशीची शिस्तबद्ध रांग फारसे काही सांगत नाही.

मतदानाच्या दिवशी जोडी केंद्र उघडण्याआधी पोहोचते. रिकामी मतपेटी सर्वांना दाखवली का, सीलचे क्रमांक लिहून घेतले का, आलेल्या मतपत्रिका मोजल्या का, हे पाहते. त्यानंतर दिवसभरात साधारण दहा केंद्रांना भेट, प्रत्येक ठिकाणी किमान अर्धा तास आणि प्रत्येक भेटीचा छापील किंवा टॅबलेटवरचा तक्ता. मतदाराची ओळख पटवणे, बोटावरची शाई तपासणे, मताची गुप्तता, पक्षांच्या प्रतिनिधींची हजेरी, केंद्रात विनाकारण थांबलेली माणसे, असे प्रश्न त्यात असतात. पेटीत एकात एक घडी घातलेल्या मतपत्रिकांचा गठ्ठा, यादीवर एकाच वळणाच्या लागोपाठ सह्या, शेजारच्या केंद्रांपेक्षा अचानक उंचावलेली टक्केवारी या खोट्या मतदानाच्या ठळक खुणा होत.

मतदान संपल्यावर तीच जोडी एका केंद्रावर मोजणीसाठी थांबते. आधी न वापरलेल्या मतपत्रिका मोजून रद्द करायच्या, मग यादीवरील सह्या मोजायच्या, मगच पेटी उघडायची. हा क्रम उलटला की पेटीतील जादा मते लपवायला वाव मिळतो. शेवटी निकालपत्रक भरले जाते, प्रतिनिधींना प्रती दिल्या जातात आणि एक प्रत केंद्राच्या दारावर लावली जाते.

निकालपत्रकांचा प्रवास

येथे या पद्धतीची मूळ मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. २०० अल्पकालीन निरीक्षक म्हणजे १०० जोड्या. त्या मतदान सुमारे १,००० केंद्रांवर पाहतील, पण मोजणी १०० केंद्रांवरच. निकालांचे एकत्रीकरण जिथे होते त्या कार्यालयांत मध्यरात्रीनंतर पोहोचणाऱ्या जोड्या त्याहूनही थोड्या आणि दिवसभराच्या कामाने थकलेल्या. जिथे एका आकड्याने हजारो मते सरकतात, तिथेच पाहणारे डोळे सर्वांत कमी उरतात. शिवाय भेटीची केंद्रे बहुधा रस्त्याच्या सोयीने निवडलेली असल्याने त्यांतील टक्केवारी साऱ्या देशाला लावता येत नाही.

यावर खात्रीचा उपाय एकच : प्रत्येक केंद्राचे निकालपत्रक आयोगाने ताबडतोब प्रसिद्ध करणे. मग कोणताही पक्ष, वर्तमानपत्र किंवा नागरिक आपल्या हातातील प्रत ताडून पाहू शकतो. पथकांच्या शिफारशींत या उपायाला पहिले स्थान मिळायला हवे. व्हेनेझुएलातील २८ जुलै २०२४ च्या निवडणुकीनंतर निवडणूक परिषदेने केंद्रनिहाय निकाल प्रसिद्ध केलेच नाहीत. निवडणुका पाहणाऱ्या कार्टर सेंटर या अमेरिकी संस्थेने ती निवडणूक लोकशाही मानता येणार नाही असे जाहीर केले, त्यामागे हे एक प्रमुख कारण होते. युरोपीय संघाला दिलेले निमंत्रण तेथील आयोगाने मे महिन्यातच मागे घेतले होते.

दुसरा उपाय देशातील नागरी संघटनांच्या हातात असतो : समांतर मतगणना. फिलिपिन्समध्ये १९८६ साली ‘नामफ्रेल’ या संघटनेने शक्य तितक्या केंद्रांचे आकडे स्वतंत्रपणे गोळा केले. पुढे यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या) नमुन्यावर आधारलेली पद्धत रूढ झाली. चिलीतील १९८८ च्या सार्वमतात आणि पनामातील मे १९८९ च्या निवडणुकीत अशा मोजणीने अधिकृत आकड्यांवर दाब ठेवला. पनामात अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी निकालाची चोरी उघडपणे सांगितली ती या आकड्यांच्या भरवशावर. साधारण हजार-दीड हजार केंद्रे शास्त्रीय पद्धतीने निवडून प्रत्येकावर प्रशिक्षित स्वयंसेवक दिवसभर बसवला, तर निकालाचा अंदाज एक-दोन टक्क्यांच्या आत येतो. नमुन्याचा आकार देशाच्या लोकसंख्येवर फारसा अवलंबून नसतो, हे अनेकांना खरे वाटत नाही. दुर्गम केंद्रांचे आकडे उशिरा आले म्हणून ते वगळून अंदाज जाहीर करण्याचा मोह होतो. तेथील मतदार वेगळ्या पक्षाचा असल्यास सगळी गणना फसते. लढत फारच अटीतटीची असेल, तर ही पद्धत विजेता सांगू शकत नाही, आणि तसे स्पष्ट कळवणे हेच तेव्हा योग्य.

कुठे बिघडते

प्राथमिक निवेदन मतदानानंतर साधारण ४८ तासांत निघते. एकत्रीकरण तेव्हा अपुरे असते, तक्रारी दाखलही झालेल्या नसतात. केनियात ८ ऑगस्ट २०१७ च्या मतदानानंतर दोन दिवसांत पथकांनी मतदान व केंद्रांवरील मोजणीबद्दल समाधान नोंदवले आणि पुढील टप्प्यांसाठी थांबायला सांगितले. बातम्यांत मात्र समाधानच ठळक झाले. १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षपदाची निवडणूक रद्द केली, आणि त्याचे कारण निकालांच्या पाठवणीतील व पडताळणीतील दोष हेच होते. मलावीत मे २०१९ ची अध्यक्षपदाची निवडणूक न्यायालयाने ३ फेब्रुवारी २०२० रोजी रद्द केली. निकालपत्रकांवर व्हाइटनर लावून आकडे बदलले गेल्याचे पुरावे त्या खटल्यात होते. दोन्ही ठिकाणी शेवटचा शब्द देशाच्याच न्यायालयाने उच्चारला, ही या क्षेत्रातील अत्यंत आश्वासक गोष्ट आहे.

घाईने समाधानाऐवजी आरोप करण्याचा दोषही घडतो. बोलिव्हियात ऑक्टोबर २०१९ मध्ये प्राथमिक निकालांचे प्रसारण मध्येच थांबले आणि पुन्हा सुरू झाल्यावर कल बदलल्याचे सांगून अमेरिकी राष्ट्र संघटनेने लगेच शंका जाहीर केली. संघटनेने नंतर केलेल्या तपासणीत इतरही गैरप्रकार नोंदवले गेले, पण कलाबद्दलच्या आकडेशास्त्रीय युक्तिवादाला संशोधकांनी आव्हान दिले : उशिरा येणारी मते वेगळ्या भागांतील असतील, तर कल बदलणारच. आरोपालाही तितकाच भक्कम पुरावा लागतो.

पथकापथकांतील विसंगती हे वेगळेच दुखणे. अझरबैजानमध्ये ९ ऑक्टोबर २०१३ च्या निवडणुकीत ओडिहरच्या निरीक्षकांनी पाहिलेल्या केंद्रांपैकी ५८ टक्के केंद्रांवरील मोजणी वाईट किंवा अतिशय वाईट ठरवली. युरोप परिषदेच्या (ही युरोपीय संघाहून वेगळी संघटना) संसदीय सभेच्या व युरोपीय संसदेच्या शिष्टमंडळांनी मात्र त्याच निवडणुकीची स्तुती केली. पुढे, २०१८ मध्ये, संसदीय सभेनेच नेमलेल्या चौकशी मंडळाने अझरबैजानशी संबंधित भ्रष्ट व्यवहारांचा गंभीर संशय नोंदवला. याहून सरळ प्रकार म्हणजे सरकारने स्वतःच्या खर्चाने आणलेले, कसलीही कार्यपद्धती नसलेले ‘निरीक्षक’, जे मतदान संपण्याआधीच दूरचित्रवाणीवर प्रशस्तिपत्र देतात. खरे पथक ओळखायला तीन प्रश्न पुरतात : पैसे कोणी दिले, किती केंद्रे कोणत्या तक्त्यावर तपासली, आणि लेखी अहवाल कुठे आहे?

यंत्रांनी होणाऱ्या मतदानात निरीक्षकाला मोजणी दिसतच नाही. जर्मनीच्या संविधान न्यायालयाने मार्च २००९ मध्ये २००५ च्या निवडणुकीत वापरलेली मतदान यंत्रे घटनाबाह्य ठरवली. विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही मुख्य टप्पे पडताळता आले पाहिजेत, हा त्यामागचा विचार. त्यामुळे पथकांचे तज्ज्ञ आता कागदी नोंद आहे का, यादृच्छिक केंद्रे निवडून ती मोजून ताडली जाते का आणि तफावत निघाल्यास कायद्याने कोणता आकडा प्रमाण, हे विचारतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात नसेल, तर पहिल्या दोन सोयी वादाच्या वेळी कामाला येत नाहीत.

शिफारशी

अंतिम अहवाल साधारण दोन-तीन महिन्यांत येतो आणि त्यात शिफारशी असतात. ‘पारदर्शकता वाढवावी’ असे लिहिणे निरुपयोगी. कोणत्या कायद्याचे कोणते कलम, कोणी, कोणत्या मुदतीत बदलायचे आणि ते कोणत्या आंतरराष्ट्रीय बांधिलकीशी जोडलेले आहे, हे लिहिले तरच आयोगाला व खासदारांना ते हाती धरता येते. प्राधान्याच्या मोजक्या शिफारशी वेगळ्या काढल्या, स्थानिक भाषेत भाषांतर केले आणि पक्षांसमोर व नागरी संघटनांसमोर मांडल्या, तर त्यांचा पाठपुरावा करणारे लोक देशातच तयार होतात. युरोपीय संघ पुढील निवडणुकीआधी आढावा पथकही पाठवतो. वेळेचे बंधन कडक असते. युरोप परिषदेच्या व्हेनिस आयोगाच्या (घटनात्मक कायद्याच्या तज्ज्ञांचे सल्लागार मंडळ) २००२ च्या संहितेनुसार निवडणूक कायद्याचे मूलभूत घटक निवडणुकीच्या आधीच्या वर्षात बदलू नयेत. पाच वर्षांच्या मुदतीतील पहिले काही महिने निकालाच्या वादांत जातात आणि शेवटचे वर्ष बाद होते. म्हणून सुधारणेचे विधेयक दुसऱ्या वर्षातच संसदेत पोहोचेल अशा बेताने अहवाल, चर्चा व मसुदा यांचे वेळापत्रक आखतात.